न हरणं पुरेसं होतं, मग दक्षिण हरली कशी?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेला दक्षिण जिंकून ताब्यात घ्यायची होती, दक्षिणेला मात्र फक्त टिकायचं होतं. माणसं कमी, कारखाने कमी, आरमार जवळपास नाहीच. अशा दुबळ्या बाजूने खंदक खणून बसावं, गरज पडेल तसं मागे सरावं आणि समोरच्याला दमवावं. ते सोडून जनरल ली दोनदा उत्तरेवर चालून का गेला? तो गेला नसता तर निकाल बदलला असता का?

मी तेवीस वर्षं पायदळात होतो. शेवटची काही वर्षं तरुण अधिकाऱ्यांना युद्धेतिहास शिकवला. हा प्रश्न प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी विचारायचाच, आणि विचारणारा बहुधा वर्गातला हुशार मुलगा असायचा, कारण कागदावर त्याचं म्हणणं बिनतोड आहे. माझं उत्तर असं: मागे सरत वेळ काढायची ती रीत दक्षिणेच्या सेनापतींना चांगली ठाऊक होती आणि एकाने ती वापरूनही पाहिली. पण त्या राज्याला ती परवडणारी नव्हती. का, हे नुसता नकाशा पाहून कळत नाही. शेतात कोण राबत होतं तेही पाहावं लागतं. तिथे येतोच, पण आधी नकाशा.

फुटून निघालेली अकरा राज्यं, लोकसंख्या सुमारे ९० लाख, त्यातले ३५ लाख गुलाम. उत्तरेकडे सुमारे २ कोटी २० लाख. रेल्वे दक्षिणेत ९,००० मैल, उत्तरेत २२,०००. कारखानदारीत तर तुलनाच नाही. पण दक्षिणेचा विस्तार साडेसात लाख चौरस मैलांच्या आसपास, आणि हा आकडा फळ्यावर लिहिला की मुलांना लगेच रशिया आणि १८१२ चा नेपोलियन आठवायचा. एवढा मुलूख, सरा की मागे!

अडचण अशी की या मुलखाला दारं होती आणि ती चुकीच्या बाजूला उघडत होती. टेनेसी नदी दक्षिणेतून निघून उत्तरेकडे वाहते, कंबरलँड नदीचंही शेवटी तेच. म्हणजे उत्तरेच्या तोफनौकांना थेट दक्षिणेच्या पोटात नेणारे दोन हमरस्ते. पश्चिमेला मिसिसिपी, आणि भोवती साडेतीन हजार मैलांचा किनारा, ज्याच्या रक्षणाला आरमार नाही.

१८६१ च्या हिवाळ्यात दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्या सरकारने दुबळ्याची पहिली चूक केली: सगळीकडे थोडं थोडं सैन्य पेरलं. केंटकीत आल्बर्ट सिडनी जॉन्स्टनकडे तीनशे मैलांहून लांब फळी आणि त्यासाठी चाळीस-पंचेचाळीस हजार माणसं. याला सेनापतींचं अडाणीपण म्हणून हसू नका. प्रत्येक राज्याच्या गव्हर्नरला आपली सीमा राखलेली हवी होती, आणि राज्यांच्या हक्कांच्या नावाने उभं राहिलेलं सरकार त्यांना नाही म्हणणार कसं?

त्या फळीतला एक किल्ला जवळून पाहण्यासारखा आहे. टेनेसी नदीवरचा फोर्ट हेन्री. केंटकी तेव्हा तटस्थ होतं, म्हणून जागा टेनेसी राज्याच्या हद्दीतच शोधावी लागली आणि सापडली ती नदीकाठची सखल जमीन. ६ फेब्रुवारी १८६२ ला उत्तरेच्या तोफनौका आल्या तेव्हा नदीला पूर होता आणि किल्ल्यात पाणी शिरलं होतं. आतल्या सेनापतीने बहुतेक शिबंदी आधीच बारा मैलांवरच्या फोर्ट डोनेल्सनला रवाना केली होती. तास-सव्वा तास तोफा झाडून त्याने निशाण उतरवलं. शरणागती घ्यायला आलेली होडी वल्ही मारत किल्ल्याच्या दरवाजातून आत गेली. हसू येतं, पण मी हसत नाही. कोवळा लेफ्टनंट असताना मी स्वतः एका कोरड्या ओहोळात माझ्या प्लाटूनचे मोर्चे खणले होते. आड मस्त मिळाली होती, मारा करायला कोन छान होते. पहिल्याच पावसात दारूगोळ्याच्या पेट्या तरंगल्या. सुभेदारसाहेब काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

दहा दिवसांत डोनेल्सनही पडलं, बारा हजारांहून जास्त सैनिक कैद झाले, आणि महिना संपायच्या आत नॅशव्हिल गेलं. उत्तरेच्या नौका दरम्यान अलाबामापर्यंत जाऊन आल्या होत्या. फळी तीनशे मैलांची असो नाहीतर तीन हजारांची, एका ठिकाणी भोक पडलं की बाकीची आपोआप निकामी.

मग धडा घेऊन डेव्हिसने उलट केलं. किनाऱ्यावरची पेन्साकोला, न्यू ऑर्लिन्स वगैरे ठिकाणं रिकामी करून सैन्य मिसिसिपी राज्यातल्या कॉरिंथला गोळा केलं आणि एप्रिलमध्ये शायलोला उत्तरेवर घाव घातला. पहिला दिवस चांगला गेला, पण त्याच दिवशी सिडनी जॉन्स्टन मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी माघार घ्यावी लागली. तीन आठवड्यांत न्यू ऑर्लिन्स, दक्षिणेतलं सगळ्यात मोठं शहर, उत्तरेच्या आरमाराने घेतलं. पसरलं तर फळी फुटते, गोळा केलं तर सोडलेली जागा जाते. इकडे आड तिकडे विहीर.

इथे वर्गात दुसरा हात वर व्हायचा: सर, अंतर्गत रेषा? वर्तुळाच्या आत असलेल्याला इकडून तिकडे सैन्य हलवायला अंतर कमी पडतं, हे पाठ्यपुस्तकात असतंच. १८६१ मध्ये बुल रनला दक्षिणेने ते करून दाखवलं. शेनँडोआ खोऱ्यातली कुमक रेल्वेने ऐन वेळी आली आणि लढाई फिरली. पण १८६३ चं उदाहरण बघा. सप्टेंबरात लीच्या हाताखालच्या लाँगस्ट्रीटचं दल व्हर्जिनियातून जॉर्जियात न्यायचं होतं. सरळ मार्ग नॉक्सव्हिलवरून, पण ते नुकतंच शत्रूच्या हातात गेलेलं. मग कॅरोलायना आणि अटलांटावरून वळसा, जवळपास ९०० मैल, झिजलेल्या रुळांवरून. कित्येक शहरांत एका कंपनीचे रूळ दुसरीच्या रुळांना जोडलेलेच नसत. उतरा, चाला, पुन्हा चढा. चिकामॉगाच्या लढाईला निम्मं पायदळ पोचलं, तोफखाना लढाई संपल्यावर. ती लढाई दक्षिणेने जिंकली. उत्तर म्हणून वॉशिंग्टनच्या सरकारने बाहेरच्या बाजूने, सुमारे १,२०० मैलांवरून, वीस हजारांहून जास्त माणसं दोन आठवड्यांच्या आत चॅटनूगाच्या बाजूला आणून उतरवली. रेषा आतली की बाहेरची हे मैलांवर ठरत नाही, लागणाऱ्या दिवसांवर ठरतं. दक्षिणेकडे नवे रूळ पाडायची सोय नव्हती, त्यामुळे तिच्या अंतर्गत रेषा वर्षागणिक लांबत गेल्या.

आता ली. तो हट्टी, चढाईखोर म्हणून सगळं बिघडलं, असा एक मतप्रवाह आहे. गंमत म्हणजे सुरुवातीला त्याची टिंगल उलट कारणासाठी झाली. दक्षिणेची राजधानी रिचमंड, तिच्याभोवती खंदक खणायला लावले म्हणून लोक त्याला ‘किंग ऑफ स्पेड्स’ म्हणत. पत्त्यातल्या इस्पिकचा आणि फावड्याचा इंग्रजी शब्द एकच. गोऱ्या शिपायांना फावडं हातात धरणं कमीपणाचं वाटायचं, ते गुलामांचं काम. दोन वर्षांनी हेच शिपाई मुक्कामाला पोचले की सांगण्याआधी खणायला लागत.

लीची अडचण वेगळी होती. जून १८६२ मध्ये उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन याचं लाखभर सैन्य रिचमंडपासून काही मैलांवर होतं. वॉशिंग्टन-रिचमंड अंतरच मुळात शंभर मैल, मागे सरायला जागा कुठली? रिचमंड नुसती राजधानी नव्हती, तोफा आणि लोखंड ओतणारा ट्रेडेगरचा कारखाना तिथे होता. लीचा हिशोब असा की एकदा वेढा पडला की शेवट कधी एवढाच प्रश्न उरतो. म्हणून वेढा पडू द्यायचाच नाही, शत्रूला सतत हलतं ठेवायचं. सात दिवसांच्या लढायांत त्याने मॅक्लेलनला मागे रेटलं, पण त्यासाठी सुमारे वीस हजार माणसं खर्ची पडली. मॅक्लेलनची सोळा हजारांच्या आसपास. दुबळी बाजू जिंकते आणि तरी जास्त गमावते, हे गणित मला नेहमी अस्वस्थ करतं.

‘मग खंदकातच बसायचं होतं’ म्हणणाऱ्यांना मी फ्रेडरिक्सबर्गला घेऊन जायचो, म्हणजे वाळूच्या मॉडेलवर. १३ डिसेंबर १८६२. मेरीज हाइट्सच्या पायथ्याशी एक खोलगट रस्ता, त्याला छातीइतकी दगडी भिंत. भिंतीमागे दक्षिणेचे शिपाई एकामागे एक ओळीने उभे. मागचे बंदुका भरून पुढे देत, पुढचे झाडत. समोर उघडं मैदान. उत्तरेच्या ब्रिगेडमागून ब्रिगेड आल्या, एकही भिंतीपर्यंत पोचली नाही. दिवसाअखेर उत्तरेचे साडेबारा हजारांहून जास्त मृत, जखमी वा बेपत्ता. दक्षिणेचे पाच हजारांच्या आसपास. याहून चांगला बचाव स्वप्नातही मिळायचा नाही. आणि पुढे? नदीपलीकडच्या टेकड्यांवर उत्तरेच्या तोफा रांगेत होत्या, त्यामुळे लीला पाठलाग करता आला नाही. उत्तरेचा सेनापती बर्नसाइड दोन रात्रींनी गुपचूप नदी ओलांडून परत गेला, वसंत ऋतूपर्यंत त्या सैन्याचा आकडा भरून निघाला. मॉडेलभोवती उभ्या पोरांना मी विचारायचो, जिंकलात, आता काय हातात आलं? उत्तर येत नसे.

तेव्हा बचाव म्हणजे मोर्चात बसणं नव्हे. समोरच्याचा तोल गेला की उलटा घाव घालायचा, आणि त्यासाठी राखीव दल हाताशी ठेवायचं. डेव्हिसने काढलेला तोडगाही हाच होता: बचाव मोठ्या पातळीवर, चढाई संधी मिळेल तिथे. माझं भांडण लीच्या तत्त्वाशी नाही, त्याच्या उधळेपणाशी आहे. सात दिवसांच्या लढायांमध्ये पर्याय नव्हता, मान्य. पण सप्टेंबर १८६२ मध्ये, उत्तरेवरच्या पहिल्या स्वारीत, अँटिएटमला पोटोमॅक नदी पाठीशी घेऊन, दुप्पट सैन्यासमोर उभं राहायचं कारण काय? आदल्या रात्री निघून जाता आलं असतं. तो दिवस निभावला, पण माघार घ्यावी लागली आणि लिंकनला गुलाममुक्तीची घोषणा करायला हवा असलेला मुहूर्त मिळाला. त्यानंतर ब्रिटनने दक्षिणेला मान्यता देण्याची शक्यता मावळत गेली. दुसऱ्या स्वारीतला, जुलै १८६३ मधला गेटिसबर्गचा तिसरा दिवस तर कुठल्याच हिशोबात बसत नाही. साडेबारा हजारांच्या आसपास माणसं उघड्या शेतातून चढावर पाठवली, निम्म्याहून जास्त परत आली नाहीत. फ्रेडरिक्सबर्गची भिंत त्याने स्वतः पाहिली होती, सात महिन्यांपूर्वी. जून १८६२ ते जुलै १८६३ या वर्षभरातल्या मोठ्या लढायांची बेरीज केली तर लीच्या सैन्याने ऐंशी हजारांहून जास्त माणसं गमावली. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूणच फाटलं.

आता ज्याने खरोखर मागे सरून दाखवलं त्याच्याकडे येऊ. मे १८६४, दक्षिणेचा जोसेफ जॉन्स्टन (शायलोला मारला गेलेला जॉन्स्टन वेगळा), जॉर्जिया. समोर उत्तरेच्या शर्मनचे लाखभर, याच्याकडे साठ हजारांच्या आसपास. जॉन्स्टन चांगली जागा धरायचा, खणायचा, वाट पाहायचा. शर्मन समोरून हूल दाखवून बगलेने वळसा घालायचा, की जॉन्स्टन रात्रीत उठून पुढच्या टेकडीवर. डाल्टन, रिसाका, कॅसव्हिल, असं अटलांटापर्यंत शंभर मैल, दोन महिन्यांहून जास्त काळ. शर्मनने एकदाच संयम सोडला, २७ जूनला केनेसॉ डोंगरावर समोरून धडक दिली आणि तीन हजार माणसं घालवली; जॉन्स्टनची हजारभर.

लष्करी दृष्टीने हे देखणं काम आहे. माघार हा लढाईतला सगळ्यात अवघड प्रकार. रात्री तोफा हलवायच्या, आवाज नाही, उजेड नाही, मागच्या तुकडीने पुढची निघेपर्यंत जागा सोडायची नाही, आणि सकाळी पुन्हा तेच सैन्य लढायला तयार हवं. पण दोन गोष्टी कमी पडल्या. शर्मनची सगळी रसद चॅटनूगाहून येणाऱ्या एकेरी रुळावर होती आणि जॉन्स्टन घसा फोडून सांगत होता की आपल्या फॉरेस्टचं घोडदळ त्या रुळावर सोडा. फॉरेस्टला मिसिसिपीत गुंतवून ठेवायची व्यवस्था शर्मनने आधीच केली होती, आणि रूळ उखडले तरी त्याची दुरुस्तीची माणसं ते झपाट्याने पूर्ववत करत. दुसरी गोष्ट, जॉन्स्टन आपल्या राष्ट्राध्यक्षाशी बोलत नव्हता. डेव्हिसने बेत काय म्हणून विचारलं, तर याचं उत्तर असं की माझा बेत शत्रू काय करतो त्यावर ठरेल. खरं होतं, पण असं उत्तर वरिष्ठाला देत नाहीत. १७ जुलैला त्याला काढून त्याच्याच हाताखालच्या हुडला नेमलं. हुडने आठ दिवसांच्या अवधीत तीन हल्ले केले, तिन्ही फसले, आणि २ सप्टेंबरला अटलांटा पडलं.

तारीख महत्त्वाची आहे. दुबळ्याला वेळ काढायचा असतो म्हणतात, पण कधीपर्यंत? इथे घड्याळ नोव्हेंबर १८६४ च्या निवडणुकीचं होतं. मे-जूनमध्ये उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याने व्हर्जिनियात सहा आठवड्यांत पन्नास हजारांहून जास्त माणसं गमावली होती, रिचमंड तरी हातात नव्हतं, अटलांटाही नव्हतं. २३ ऑगस्टला लिंकनने एक चिठ्ठी लिहिली की हे सरकार पुन्हा निवडून येण्याची शक्यता फार कमी दिसते, आणि ती घडी घालून, न दाखवता, मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. दहा दिवसांनी अटलांटाची तार आली. म्हणून प्रश्नकर्त्याला मी अर्धी मान्यता देतो: जॉन्स्टनला ठेवून हुडचे ते तीन हल्ले टाळले असते, आदल्या वर्षी गेटिसबर्गची माणसं वाचली असती, तर अटलांटा नोव्हेंबरपर्यंत निभावलं असतं असं म्हणायला जागा आहे. एवढीच एक फट होती.

पण डेव्हिसला ती माघार का सोसवली नाही? तो वेस्ट पॉइंटचा पदवीधर, माजी युद्धमंत्री; त्याला हे तंत्र समजत नव्हतं असं नाही. मे १८६१ मध्ये, युद्ध सुरू होऊन जेमतेम सहा आठवडे झालेले असताना, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर तीन गुलाम रात्री होडीने फोर्ट मन्रोला आले. तो किल्ला उत्तरेच्या ताब्यात होता. या तिघांना दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चे खणायला जुंपलं होतं. मालकाचा माणूस त्यांना परत मागायला आला, तेव्हा किल्ल्यावरच्या जनरल बटलरने सांगितलं की ही शत्रूची युद्धसामग्री आहे, परत मिळणार नाही. बातमी पसरली तशी रीघ लागली. दुबळ्याचा बचाव ज्या खंदकांवर उभा, ते खंदक खणणारे हातच पलीकडे चालले होते.

आता रशियासारखी माघार घेऊन बघा. रशियातला शेतकरी नेपोलियन आला म्हणून त्याच्याकडे पळाला नाही. दक्षिणेत मात्र उत्तरेचं सैन्य दहा मैल पुढे सरकलं की त्या दहा मैलांतली शेतं राबणाऱ्यांवाचून ओस पडायला लागायची, आणि १८६३ पासून त्यातलेच तरुण उत्तरेचा निळा गणवेश घालून परत यायचे. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या सैन्यात भरती झाले. सोडलेला मुलूख नंतर परत घेता येतो, हे माघारीच्या डावाचं गृहीतक. इथे मुलूख परत मिळाला असता, पण गुलामगिरी परत बसवता आली नसती. आणि ती राखण्यासाठीच तर हे राज्य उभं केलेलं. म्हणून प्रत्येक जिल्हा राखायचा आग्रह, म्हणून किनाऱ्यावर पेरलेलं सैन्य, म्हणून ऑक्टोबर १८६२ चा तो कायदा की वीस गुलाम असलेल्या मळ्यावर एका गोऱ्या माणसाला सक्तीच्या भरतीतून सूट. गरीब शेतकऱ्याच्या पोराने याचा अर्थ काय घ्यायचा तो घेतला.

जॉर्ज वॉशिंग्टनने हेच करून दाखवलं होतं ना, असंही विचारतात. न्यू यॉर्क गेलं, फिलाडेल्फिया गेलं, चार्ल्सटन गेलं, तरी तो टिकला. खरं आहे. पण त्याचा शत्रू महासागरापलीकडून रसद आणत होता आणि त्याला फ्रान्सचं आरमार मिळालं. शिवाय यादवीत पिछाडी आपली असेलच असं नसतं. पूर्व टेनेसीतल्या, उत्तरेशी निष्ठा राखणाऱ्या लोकांनी नोव्हेंबर १८६१ मध्येच दक्षिणेचे रेल्वेपूल जाळले. व्हर्जिनियाचा पश्चिम भाग वेगळा होऊन १८६३ मध्ये स्वतंत्र राज्य झाला. जॉर्जियाचा गव्हर्नर ब्राउन हजारो लोकांना मिलिशियाचे अधिकारी नेमून राष्ट्रीय भरतीतून सोडवत होता.

गनिमी काव्याचं म्हणाल तर त्यालाही हेच उत्तर लागू. ९ एप्रिल १८६५ च्या सकाळी अ‍ॅपोमॅटॉक्सला तोफखान्याच्या अलेक्झांडरने लीला सुचवलं की शरण जाण्याऐवजी माणसांना पांगून जाऊ द्या. लीने ऐकलं नाही; शिस्त सुटलेल्या टोळ्या लुटालूट करत फिरतील आणि देशाला सावरायला वर्षं लागतील, असं त्याचं म्हणणं. मिझूरीत ते कसं दिसतं हे सगळ्यांनी पाहिलंच होतं. गनिमाला गावाने लपवावं लागतं, खायला द्यावं लागतं, बातमी द्यावी लागते. ज्या मुलखात चाळीस टक्के लोक तुमच्या शत्रूची वाट पाहत आहेत तिथे लपणार कुठे?

हे सगळं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं समजू नका. जानेवारी १८६४ मध्ये डाल्टनच्या हिवाळी तळावर पॅट्रिक क्लेबर्न नावाच्या आयरिश डिव्हिजन कमांडरने इतर सेनापतींसमोर एक निवेदन वाचलं: गुलामांना मुक्त करा, हाती बंदुका द्या, तरच माणसांचा प्रश्न सुटेल आणि शत्रूचा हा हुकमी पत्ता आपल्या हातात येईल. डेव्हिसने हुकूम काढून ते निवेदन दाबायला लावलं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला हुडने फ्रँकलिनला वीस हजारांच्या आसपास माणसं उघड्या मैदानातून खंदकांवर सोडली. सहा जनरल त्या एका संध्याकाळी मारले गेले किंवा प्राणघातक जखमी झाले, मारला गेलेला क्लेबर्न त्यातला एक. काळ्या सैनिकांची भरती करायचा कायदा रिचमंडमध्ये १३ मार्च १८६५ ला झाला. त्यातही मुक्तीचं वचन नव्हतं. तीन आठवड्यांनी रिचमंड पडलं.